सील आणि रासायनिक प्रदूषण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मी प्राणिशास्त्र शिकवतो. माझ्या बहुतेक विद्यार्थ्यांनी समुद्र पाहिलेला नसतो. तरीही प्रदूषणाचा धडा आला की मी सीलपासूनच सुरुवात करतो आणि दरवर्षी साधारण तेच प्रश्न येतात. कीटकनाशकांच्या सुरक्षित वापराविषयी बोलायला गावोगावी जातो, तेव्हा शेतकरीही त्यांतले निम्मे प्रश्न विचारतात. ते सर्व येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तेवढा भाग नीट समजल्याशिवाय पुढचे समजत नाही.

सील म्हणजे नेमका कोणता प्राणी? तो मासा आहे का?

नाही. आपल्याकडे ‘सील मासा’ असे सर्रास म्हटले जाते, पण सील हा गाईम्हशींसारखा सस्तन प्राणी आहे. तो फुप्फुसांनी श्वास घेतो, पिल्लाला जन्म देतो आणि दूध पाजतो. त्याच्या पायांची वल्ही झालेली असतात आणि थंड पाण्यात ऊब टिकावी म्हणून कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. खरे सील, समुद्रसिंह व फर सील, आणि वॉलरस अशी तीन कुळे असून त्यांच्या ३० हून अधिक जाती आज जिवंत आहेत. बहुतेक जाती थंड समुद्रांत राहतात. रशियातील बैकल सरोवरातील सील मात्र आयुष्यभर गोड्या पाण्यातच राहतो.

कातडीखालचा हा चरबीचा थर लक्षात ठेवावा, कारण पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात तो येणार आहे.

मराठवाड्याला समुद्रकिनाराच नाही. मग हा विषय आपल्याला कशासाठी?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर मी माझ्या आजीच्या घरातून देतो. आमचे घर माळवदाचे होते. मलेरियासाठी डीडीटी फवारणारे कामगार आले की आजी उतरंडीवर जुने लुगडे टाकायची, पाण्याचा रांजण झाकायची आणि आम्हां मुलांना अंगणात काढायची. फवारा वाळल्यावर मातीच्या भिंतींवर पांढरट थर उरायचा. त्या भिंतीला पाठ लावून बसलो की सदऱ्यावर पांढरा पट्टा उमटायचा. जे रसायन आमच्या भिंतींवर बसले, तेच जगभर फवारले गेले आणि त्याचाच अंश पुढे आर्क्टिकमधील सीलच्या चरबीत सापडला.

हे घडते ते हवेमुळे. डीडीटी आणि त्यासारखी रसायने उष्ण प्रदेशात हळूहळू बाष्परूप होतात, वाऱ्याबरोबर पुढे जातात, थंड हवेत पुन्हा जमिनीवर किंवा पाण्यावर उतरतात, ऊन तापले की पुन्हा उडतात आणि असे टप्प्याटप्प्याने ध्रुवीय प्रदेशांपर्यंत पोहोचतात. तेथे एवढी थंडी असते की पुन्हा उडायला वाव राहत नाही, म्हणून ती तेथेच साचतात. उरलेला वाटा नद्या नेतात. पैठण, गंगाखेड, नांदेड असे करत जाणारी गोदावरीही शेवटी बंगालच्या उपसागरालाच मिळते.

सीलना बाधणारी मुख्य रसायने कोणती?

सर्वांत जास्त अभ्यास झाला आहे तो पीसीबी या गटाचा, म्हणजे पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल्सचा. सुमारे २०० संयुगांच्या या कुटुंबाचे औद्योगिक उत्पादन १९२९ पासून सुरू झाले. पीसीबी सहज पेट घेत नाहीत, वीज वाहू देत नाहीत आणि वर्षानुवर्षे विघटित होत नाहीत, म्हणून ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर, रंग आणि इमारतींच्या सांध्यांत भरायच्या लुकणात त्यांचा मुबलक वापर झाला. जगात एकूण १० लाख टनांहून अधिक पीसीबी तयार झाले. विघटित न होण्याचा जो गुण कारखान्याला सोयीचा होता, त्यानेच पुढे सारा घात केला.

हे विष निसर्गात पसरले आहे याचा शोध मात्र योगायोगाने लागला. सोरेन येन्सेन हे स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ प्राण्यांच्या शरीरातील डीडीटी मोजत होते. त्यांच्या आलेखांवर ओळख न पटणारी काही शिखरे वारंवार येत होती. ती पीसीबीची आहेत हे त्यांनी १९६६ मध्ये जाहीर केले, तोपर्यंत उत्पादन सुरू होऊन साडेतीन दशकांहून अधिक काळ लोटला होता.

पीसीबीशिवाय डीडीटी व त्यापासून शरीरात तयार होणारे डीडीई, पारा, फर्निचर आणि विजेच्या वस्तूंत घातली जाणारी ब्रोमिनयुक्त ज्वालारोधके, आणि न चिकटणारी भांडी किंवा पाणी न शोषणारे कापड यांसाठी वापरली जाणारी फ्लोरिनयुक्त रसायने ही यादीतील महत्त्वाची नावे आहेत. तेलगळतीचा परिणाम वेगळ्या प्रकारचा आणि तात्काळ असतो. १९८९ मध्ये अलास्कात एक्झॉन वाल्देझ हे तेलवाहू जहाज खडकावर आदळले, तेव्हा सुमारे ३०० सील दगावल्याचा अंदाज आहे.

समुद्राच्या अफाट पाण्यात ही रसायने नगण्य असणार. मग सीलच्या अंगात ती एवढी कशी साचतात?

येसर आमटीचे पातेले डोळ्यांसमोर आणावे. तिखट आपण सगळ्या पाण्यात घालतो, पण थोड्या वेळाने लाल रंग वरच्या तेलाच्या तवंगात उतरलेला दिसतो आणि खालचे पाणी त्या मानाने फिकट राहते. तिखटातील रंगद्रव्य पाण्यापेक्षा तेलात सहज विरघळते, म्हणून ते तेल गाठते. पीसीबी आणि डीडीटी यांचा स्वभाव हाच आहे. त्यांना पाणी मानवत नाही. पाण्यातून ती सूक्ष्म वनस्पतींच्या आणि जिवांच्या अंगातील स्निग्धांशात शिरतात.

पुढचा भाग खाण्याचा आहे. असे असंख्य सूक्ष्म जीव एक लहान मासा खातो, असे शेकडो मासे मोठा मासा खातो आणि असे मोठे मासे सील रोज काही किलो या हिशेबाने वर्षानुवर्षे खात राहतो. खाल्लेल्या अन्नातील प्रथिने आणि साखर वापरली जाते, नको ते बाहेर टाकले जाते, पण ही रसायने पुरती मोडता येत नसल्यामुळे आणि लघवीत विरघळत नसल्यामुळे चरबीतच पडून राहतात. त्यामुळे अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर त्यांचा साठा वाढतो. पाण्यात जे मोजायलाही अवघड असते, ते साखळीच्या टोकाला असलेल्या प्राण्यात लाखो पटींनी जास्त सापडू शकते. सील बरीच वर्षे जगतो, मुख्यतः मासे खातो आणि त्याच्या अंगावर चरबीचा भरपूर साठा असतो. साचण्यासाठी याहून सोयीचे ठिकाण या रसायनांना शोधून सापडले नसते.

साठा चरबीत बंद असेपर्यंत त्रास कमी असतो. पण सील दरवर्षी कात टाकताना, पिल्ले पाजताना आणि नर माद्यांसाठी झुंजताना कित्येक दिवस किंवा आठवडे उपाशी राहतात. तेव्हा शरीर चरबी जाळते, आणि चरबीत साठलेले विष रक्तात उतरून यकृत, मेंदू आणि गर्भाशयापर्यंत पोहोचते.

ही रसायने आईच्या दुधातून पिल्लात जातात हे खरे आहे का?

होय, आणि या सगळ्या विषयातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हाच आहे.

गाईच्या दुधात साधारण चार टक्के आणि म्हशीच्या दुधात सात टक्के स्निग्धांश असतो. डेअरीवर फॅट लावून दूध घालणाऱ्या माणसाला हा आकडा वेगळा सांगावा लागत नाही. अनेक जातींच्या सीलच्या दुधात स्निग्धांश ५० टक्क्यांच्या आसपास असतो आणि हूडेड सील या जातीत तो ६० टक्क्यांवर जातो. हूडेड सीलची मादी पिल्लाला अवघे चार दिवस पाजते आणि तेवढ्यात पिल्लाचे वजन जवळजवळ दुप्पट होते. ग्रे सीलमध्ये पाजण्याचा काळ सुमारे अठरा दिवसांचा असतो. या काळात ग्रे सीलची आई सहसा काही खात नाही. ती आपल्याच अंगाची चरबी वितळवून तिचे दूध करते, आणि त्या चरबीत आयुष्यभर साठलेली रसायनेही दुधाबरोबर पिल्लाच्या पोटात जातात.

त्यातही पहिले पिल्लू सर्वांत जास्त भार घेते. मादी वयात येईपर्यंतची कित्येक वर्षे हा साठा बाहेर जाण्याचा मार्गच नसतो, आणि तो मार्ग पहिल्या बाळंतपणात प्रथमच उघडतो. पुढच्या पिल्लांच्या वाट्याला त्या मानाने कमी येते. म्हणूनच वाढत्या वयाच्या नरांत पीसीबी चढत जातात, तर नियमित वेतणाऱ्या माद्यांत ते उतरतात किंवा स्थिर राहतात. एखाद्या प्रौढ मादीत वयाच्या मानाने खूप जास्त पीसीबी सापडले, तर तिला पिल्ले झाली नसावीत अशी शंका घ्यावी लागते.

एखादे विष अंगातून कमी होते म्हणजे ते कोठे जाते, असे मी वर्गात विचारतो. उत्तर मिळायला बराच वेळ लागतो, कारण ते कोणाला उच्चारावेसे वाटत नाही.

बाल्टिक समुद्रात नेमके काय घडले?

बाल्टिक हा स्वीडन, फिनलंड, पोलंड इत्यादी देशांनी वेढलेला, उथळ आणि जवळजवळ बंदिस्त समुद्र आहे. डेन्मार्कजवळच्या अरुंद सामुद्रधुन्यांतूनच त्याचा मोठ्या समुद्राशी संबंध येतो, त्यामुळे त्याचे पाणी बदलायला काही दशके लागतात. काठावर कारखाने, कागदाच्या गिरण्या आणि शेती आहे. त्यात आलेले लवकर बाहेर जात नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे ८० हजार ते एक लाख ग्रे सील आणि त्याच्या दुपटीच्या आसपास रिंग्ड सील असावेत असा अंदाज आहे. मासे पळवणारे म्हणून सीलच्या शिकारीवर बक्षिसे लावली गेली आणि पहिली मोठी घट शिकारीमुळे झाली. हे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे, कारण सर्व दोष रसायनांवर टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पण शतकाच्या मध्यानंतर शिकार कमी होऊनही संख्या सावरेना. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ग्रे सील सुमारे चार हजार आणि रिंग्ड सील सुमारे पाच हजार एवढेच उरले होते.

संशोधकांनी मेलेल्या आणि मारलेल्या माद्यांची गर्भाशये उघडली, तेव्हा कारण दिसले. सीलच्या गर्भाशयाला गाईच्या गर्भाशयाप्रमाणे दोन शिंगे असतात. अनेक माद्यांत यांपैकी एक किंवा दोन्ही शिंगे आतून चिकटून बुजलेली होती. एक शिंग बुजले तर दुसऱ्यात गर्भ राहू शकतो, दोन्ही बुजली की ती मादी कायमची वांझ होते. अशा माद्यांच्या चरबीत पीसीबी जास्त असल्याचे १९७६ मध्ये हेले, ओल्सन आणि येन्सेन यांनी दाखवून दिले. हे येन्सेन म्हणजे दहा वर्षांपूर्वी पीसीबी ओळखणारेच शास्त्रज्ञ.

बिघाड गर्भाशयापुरता नव्हता. अधिवृक्क ग्रंथी, म्हणजे मूत्रपिंडावरच्या टोपीसारख्या ग्रंथी, वाढलेल्या होत्या. नखे वेडीवाकडी झाली होती, आतड्यात व्रण होते, गर्भाशयात गाठी होत्या. संग्रहालयांत जपलेल्या जुन्या कवट्यांशी नव्या कवट्यांची तुलना केली तेव्हा नव्या कवट्यांत जबड्याचे हाड झिजलेले आढळले. ज्यांनी पीसीबी कारखान्यात येण्यापूर्वीच्या काळात त्या कवट्या नोंदी लावून कपाटात ठेवल्या, त्यांना त्या एक दिवस साक्षीदार होतील याची कल्पना नव्हती. आपल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांत धूळ खात पडलेल्या बरण्या टाकून देण्याआधी दहा वेळा विचार करावा, असे मला यामुळे वाटते.

पीसीबी जास्त आणि पिल्ले कमी, हा केवळ योगायोग नसेल कशावरून?

दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. वांझ मादी दूध पाजत नसल्यामुळेही तिच्यात पीसीबी साचून राहतील, म्हणजे कारण आणि परिणाम उलटेही असू शकतील. म्हणून प्रयोग करावा लागला.

तो पीटर रेइंडर्स यांनी नेदरलँड्समध्ये केला आणि १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. कॉमन सील जातीच्या २४ माद्यांचे बारा-बाराचे दोन गट केले. एका गटाला नेदरलँड्सच्या किनाऱ्यालगतच्या वाडेन समुद्राच्या प्रदूषित भागातील मासे दिले आणि दुसऱ्याला अटलांटिकमधील तुलनेने स्वच्छ पाण्यातील मासे. सुमारे दोन वर्षांनंतर स्वच्छ मासे खाणाऱ्या बारांपैकी दहा माद्यांना पिल्ले झाली, प्रदूषित मासे खाणाऱ्या बारांपैकी फक्त चौघींना. संप्रेरकांच्या तपासणीवरून असे दिसले की गर्भ गर्भाशयाच्या भिंतीत रुजण्याच्या सुमारासच बिघाड होत होता.

या माद्यांना कोणी सुईने विष टोचले नव्हते. त्यांनी रोजचे मासे खाल्ले होते, एवढेच.

पीसीबी शरीरात नेमके काय बिघडवतात?

शरीरातील पेशींना संप्रेरके निरोप देतात आणि पीसीबी त्या निरोपांत ढवळाढवळ करतात. यकृतात पीसीबीचे अर्धवट रूपांतर होऊन जी संयुगे बनतात, त्यांपैकी काहींची घडण थायरॉइडच्या संप्रेरकाशी मिळतीजुळती असते. रक्तात थायरॉइड संप्रेरक आणि जीवनसत्त्व ‘अ’ वाहून नेणारे एक प्रथिन असते. त्याच्यावरील जागा ही संयुगे बळकावतात. परिणामी, पोटभर मासे खाऊनही सीलच्या रक्तात जीवनसत्त्व ‘अ’ कमी पडते. डोळे, कातडी, वाढ आणि रोगप्रतिकार या सर्वांना या जीवनसत्त्वाची गरज असते. चपट्या घडणीचे काही पीसीबी डायॉक्सिन या अतिविषारी रसायनाप्रमाणे पेशीतील एका ग्राहीला, म्हणजे निरोप झेलणाऱ्या प्रथिनाला, चिकटून अनेक जनुकांचे काम बदलतात.

पिल्लांना याचा धोका जास्त असतो, कारण त्यांचे अवयव याच निरोपांच्या आधारे घडत असतात.

१९८८ मध्ये हजारो सील मेले, ते प्रदूषणामुळे का?

थेट कारण प्रदूषण नव्हते, विषाणू होता. त्या वर्षी वसंत ऋतूत डेन्मार्कच्या आन्होल्ट बेटाजवळ सीलची मुदतपूर्व जन्मलेली मृत पिल्ले किनाऱ्याला लागू लागली आणि काही महिन्यांत उत्तर युरोपात १८ हजारांहून अधिक सील दगावले. कुत्र्यांच्या डिस्टेंपरच्या आणि माणसांच्या गोवराच्या विषाणूचा जवळचा नातलग असलेला एक नवा विषाणू त्यांच्यात सापडला. २००२ मध्ये हीच साथ पुन्हा आन्होल्टपासूनच सुरू झाली आणि २० हजारांहून अधिक सील गेले.

मग प्रदूषणाचा प्रश्न का येतो? साथीनंतर नेदरलँड्समध्ये २२ कॉमन सीलवर अडीच वर्षे प्रयोग झाला. एका गटाला बाल्टिकमधील हेरिंग मासे दिले, दुसऱ्याला अटलांटिकमधील. बाल्टिकचे हे मासे माणसांच्या बाजारात विकले जाणारेच होते. ते खाणाऱ्या सीलमध्ये विषाणूबाधित पेशींना मारणाऱ्या नैसर्गिक मारक पेशी आणि टी-पेशी यांचे काम मंदावले. म्हणजे विषाणूशी लढणारी फळीच दुबळी झाली.

यावरून ‘प्रदूषणाने साथ आणली’ असे म्हणता येत नाही. ज्या कळपांनी तो विषाणू पूर्वी कधी पाहिलाच नव्हता, त्यांच्यात तो स्वच्छ पाण्यातही पसरला असता. मृतांचा आकडा प्रदूषणामुळे किती वाढला यावर शास्त्रज्ञांत एकमत झालेले नाही. शरीर आधीच कमकुवत झाले होते, एवढे मात्र प्रयोगाने दाखवले आहे, आणि माझ्या मते धोरण ठरवायला तेवढे पुरेसे आहे.

रसायनांमुळे सीलना कर्करोग होतो का?

सीलच्या नात्यातील कॅलिफोर्नियाच्या समुद्रसिंहांत याचा ठळक पुरावा मिळाला आहे. किनाऱ्यावर आजारी अवस्थेत सापडणाऱ्या प्रौढ समुद्रसिंहांत जननमार्गाच्या कर्करोगाचे प्रमाण असाधारण जास्त आहे. त्यामागे एक नागीणवर्गीय विषाणू आहे, पण ज्यांच्या चरबीत पीसीबी आणि डीडीटी अधिक, त्यांच्यात कर्करोगाची शक्यताही अधिक आढळते. याच किनाऱ्यावर लॉस एंजेलिसच्या एका कारखान्यातून कित्येक वर्षे डीडीटीयुक्त सांडपाणी समुद्रात सोडले गेले आणि समुद्रतळाच्या गाळात ते अजूनही आहे.

पाऱ्याचे काय?

पारा कोळसा जाळण्यातून, सोन्याच्या खाणींतून आणि ज्वालामुखींतूनही वातावरणात येतो. पाण्यातील जिवाणू त्याचे मिथिल पारा बनवतात आणि तो अन्नसाखळीत चढतो. तो चरबीऐवजी प्रथिनांना चिकटतो, म्हणून स्नायू, यकृत, मेंदू आणि केसांत सापडतो. सीलकडे पाऱ्यावर एक उपाय आहे. त्यांच्या यकृतात सेलेनियमशी संयोग होऊन पाऱ्याचे अविद्राव्य, बऱ्याच अंशी निरुपद्रवी कण बनतात. वयस्क सीलच्या यकृतात पाऱ्याचा प्रचंड साठा असूनही तो हिंडताफिरता दिसतो, त्याचे हे एक कारण आहे. पण ही सोय गर्भातील आणि दुधावरच्या पिल्लाला पुरी पडत नाही.

काही पारा केसांबरोबर गळून पडतो. कॅलिफोर्नियात हत्ती सील जेथे हजारोंनी कात टाकतात, तेथील किनाऱ्याच्या पाण्यात त्या हंगामात मिथिल पारा वाढलेला आढळला आहे.

सीलला न मारता त्याच्या अंगातील रसायने कशी मोजतात?

लहानशा पोकळ सुईने चरबीचा पेन्सिलीच्या शिसाएवढा तुकडा घेतात. रक्त, मिशांचा केस आणि दूध यांचेही नमुने घेतले जातात. किनाऱ्याला लागलेल्या मृत सीलचे शवविच्छेदन हा सर्वांत जुना आणि अजूनही सर्वांत माहिती देणारा मार्ग आहे, मात्र उपासमारीने चरबी घटलेल्या प्राण्यात रसायने दाटलेली दिसतात, हे आकडे वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

सील खाणाऱ्या माणसांना धोका आहे का?

आर्क्टिकमधील इन्युइट समाज पिढ्यान्‌पिढ्या सील खात आला आहे. १९८० च्या दशकात क्युबेक प्रांताच्या उत्तर भागातील इन्युइट मातांचे दूध तपासले गेले. शुद्ध हवापाण्यातल्या या माता तुलनेसाठी उत्तम ठरतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यांच्या दुधात दक्षिण क्युबेकच्या मातांच्या सुमारे पाचपट पीसीबी निघाले. ज्यांनी ही रसायने बनवली नाहीत, वापरली नाहीत, त्यांच्या ताटात ती आली. अशा टिकाऊ विषारी रसायनांना आळा घालणाऱ्या २००१ मधील स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय कराराच्या प्रस्तावनेत आर्क्टिकमधील मूळ रहिवाशांचा उल्लेख आवर्जून केला गेला, तो यामुळेच.

येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगतो, कारण या उत्तरानंतर एका विद्यार्थिनीने मला घाबरून आपल्या वहिनीविषयी विचारले होते. आईचे दूध बाळासाठी सर्वोत्तमच आहे. इन्युइट मातांनाही स्तनपान चालू ठेवण्याचाच सल्ला दिला गेला. सीलच्या उदाहरणावरून कोणत्याही आईने बाळाचे दूध तोडू नये.

भारतात या रसायनांवर बंदी आहे का?

शेतीतील डीडीटीचा वापर भारताने १९८९ मध्ये बंद केला, डासनियंत्रणासाठी मात्र त्याला मुभा राहिली. जुन्या शेतकऱ्यांना आठवणारी बीएचसी पावडर १९९७ मध्ये बंद झाली. एंडोसल्फान या कीटकनाशकावर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली. स्टॉकहोम कराराला भारताने २००६ मध्ये आणि पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता कराराला २०१८ मध्ये मान्यता दिली. पीसीबीचे उत्पादन आणि आयात बंद करणारा आदेश २०१६ चा आहे.

सीलसारखे उदाहरण आपल्या भागात घडले आहे का?

गिधाडांचे. ढोरफोडीच्या जागी उतरणारे गिधाडांचे थवे आमच्या पिढीने पाहिले आहेत, माझ्या विद्यार्थ्यांनी पाहिलेले नाहीत. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाते आणि त्याची मूत्रपिंडे काही दिवसांत निकामी करते, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. भारताने २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. फरक एवढा की डायक्लोफेनॅक वर्षानुवर्षे साचत नाही, ते लगेच मारते. पीसीबीने सीलला लगेच मारले नाही, त्याची पुढची पिढी थांबवली. म्हणूनच ते ओळखायला अधिक वेळ लागला.

मराठवाड्यात राहून आम्ही प्रत्यक्ष काय करू शकतो?

पहिली गोष्ट डीपीची, म्हणजे शेताला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची. रब्बीत पाण्याची पाळी चालू असताना डीपी जळणे आपल्याकडे नवे नाही. जळालेल्या डीपीचे तेल काढून गुडघ्यांना चोळणारी, बैलाच्या जखमेवर लावणारी माणसे मी पाहिली आहेत. डीपीत सहसा खनिज तेल असते आणि पीसीबी मुख्यतः जुन्या, मोठ्या उपकरणांत वापरले गेले. पण दुरुस्तीच्या वेळी तेलांची सरमिसळ होते आणि कोणत्या तेलात काय आहे हे रंगावरून किंवा वासावरून कळत नाही. ते अंगाला लावू नये, चुलीत घालू नये, ओढ्यात ओतू नये.

दुसरी गोष्ट कीटकनाशकांच्या रिकाम्या डब्यांची. कपाशीच्या फवारणीनंतर ते धुऱ्यावर जाळले जातात किंवा धुऊन घरात वापरले जातात. क्लोरिनयुक्त प्लास्टिक आणि रसायने उघड्यावर जाळल्याने डायॉक्सिन तयार होतात, आणि डायॉक्सिन स्टॉकहोम कराराच्या पहिल्या यादीतच आहेत. डबे तीनदा धुवावेत, धुतलेले पाणी पंपातच घ्यावे आणि डब्याला भोक पाडून तो निरुपयोगी करावा. फुटलेला पाऱ्याचा थर्मामीटर झाडूने झाडू नये, कारण पाऱ्याचे बारीक थेंब विखुरतात. जाड कागदाच्या दोन तुकड्यांनी ते गोळा करून झाकणाच्या बाटलीत बंद करावेत.

बंदीमुळे सीलमध्ये काही सुधारणा झाली का?

झाली. बाल्टिकभोवतीच्या देशांनी १९७० च्या दशकापासून डीडीटी आणि पीसीबी यांचा वापर थांबवला, १९७४ मध्ये त्या समुद्राच्या रक्षणासाठी हेलसिंकी करार झाला आणि शिकारीवरही निर्बंध आले. माशांतील पीसीबी हळूहळू उतरले. त्यानंतर काही वर्षांनी तरुण माद्यांच्या गर्भाशयातील बिघाड कमी होऊ लागला आणि पुढे तो जवळजवळ दिसेनासा झाला. ग्रे सीलची संख्या आता अलीकडच्या गणनांत ४० हजारांच्या आसपास आहे. बाल्टिकच्या दक्षिणेकडील रिंग्ड सील मात्र अजून सावरलेले नाहीत, कारण बर्फ कमी झाल्यामुळे पिल्लांसाठी बिळे करायला त्यांना जागा उरत नाही.

आज बाल्टिकमधील ग्रे सीलची एखादी मादी तपासली तरी तिच्या चरबीत पीसीबी सापडतातच, आणि जोडीला तिच्या अंगात फ्लोरिनयुक्त रसायनेही सापडतात. पण तिच्या गर्भाशयाची दोन्ही शिंगे मोकळी असतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये ती बर्फावर किंवा खडकाळ बेटावर पांढऱ्या लवेचे एक पिल्लू घालते.